ती मान आणि तो मान

संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर आप्पा माझ्या सूटकेसवर बसून राहिले होते. शेजारी बाक रिकामं होतं, पण सूटकेस नवी होती, आणि जिच्यावर माणूस बसलाय ती सूटकेस कोणी पळवत नाही, असं त्यांचं साधं गणित. आई स्टँडवर आली नाही. "तिथे रडलं की गाव बघतं, घरी रडलं की भिंती बघतात," असं म्हणून तिने दारातूनच निरोप दिला होता. मुंबईची गाडी लागली तसे आप्पा उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "तिकडे घर घेशील तेव्हा आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघ. बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं."

एवढंच. परदेशी निघालेल्या मुलाला बाप काहीतरी मोठं सांगतो असं मी ऐकून होतो. पण आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळं आयुष्य सायकलवरून कालव्याच्या कडेने गेलेलं. कोणाच्या लग्नाला गेले तरी आधी मांडवाखालची जमीन बघायचे आणि पंगतीत कुठे बसू नका ते आम्हाला हळूच सांगायचे. त्यांच्यामुळेच मी ड्रेनेजचा इंजिनिअर झालो. पुढचं शिकायला म्हणून मँचेस्टरला आलो, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ड्रेनेज विभागात चिकटलो आणि इथलाच झालो.

आता पंचाहत्तरी उलटली. तिकडे राहिलेल्या भावंडांना आणि माझ्यासारखं इकडे आलेल्या मंडळींना एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती आमच्या घराची आणि अनुजाच्या शाळेची गोष्ट आहे. तुमच्यातल्या बहुतेकांना ती माहीत आहे. पण जी माहीत आहे ती खरी नाही, आणि त्याला कारण मी आहे.

आमचं पहिलं घर मँचेस्टरमध्येच, लाँगसाइटला होतं. एकाला एक चिकटलेली लाल विटांची घरं, पुढे अंगण नाही, दार उघडलं की पाय थेट फुटपाथवर. लग्न होऊन नलिनी तिथेच आली. पहिला हिवाळा तिने खिडकीशी बसून काढला. मग पलीकडच्या मॉरीनशी तिची गट्टी जमली. मॉरीन आयर्लंडची, पाच मुलांची आई. दोन्ही घरांत मिळून एक भिंत होती, आणि तिच्यावर दोनदा टकटक झाली म्हणजे चहा टाकला आहे, असा त्यांचा संकेत. मॉरीनने नलिनीला इथलं इंग्रजी शिकवलं. नलिनीने तिला हिंगाची फोडणी शिकवली. आमची अनुजा बोलायला लागली ती अर्धं संगमनेरी आणि अर्धं आयरिश. त्या घरात दोन खोल्या वर, दोन खाली, आणि छपराला गळती कधीच नाही. मी ते आप्पांच्या नियमाने पारखून घेतलं होतं.

अनुजा प्रायमरीत होती त्या सुमारास शाळांचे निकाल पेपरात क्रमाने छापून यायला लागले. त्याआधी आमच्या मराठी मंडळात दोन माणसं भेटली की "गाव कुठलं?" असं विचारायची. आता "कॅचमेंट कुठलं?", म्हणजे घर कुठल्या शाळेच्या हद्दीत, असं विचारायला लागली. इथल्या सरकारी शाळांमध्ये फी नाही, डोनेशन नाही. ज्याचं घर शाळेच्या जवळ त्याला जागा आधी, असा सरळ न्याय. पण त्यामुळे होतं असं, की शाळा चांगली म्हटली की तिच्या भोवतालची घरं महाग होतात. शाळा फुकट, आणि फुकट शाळेची फी घराच्या किमतीत. घरं विकणारे एजंटसुद्धा बेडरूम किती हे नंतर सांगत, शाळा कुठली हे आधी.

मँचेस्टरच्या दक्षिणेला अशी एक शाळा होती. तिचं नाव मी इथे घेत नाही. तिच्या मुलांना निळा ब्लेझर असायचा, म्हणून आमच्यात तिला ब्लेझरची शाळा म्हणत. मंडळातले नाईक आधीच तिच्याजवळ राहायला गेले होते. नाईक बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मला म्हणाले, "जोर्वेकर, मुलीचं करायचं असेल तर लाँगसाइट सोडा. पुढे लोक विचारतील, काय केलंत तिच्यासाठी." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. लोक विचारतील.

शोधाशोध करून मी त्या भागात एक सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एकाच बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं, घर पाहिलं. पुढे अंगण, मागे बाग, रस्त्याला चढ. नलिनी म्हणाली, "अहो, इथे अनुजा दोन भाषा शिकली फुकटात. तिथे काय शिकेल?" मी म्हटलं, "तिथे शाळा आहे." ती म्हणाली, "इथे काय गोठा आहे?" पण सामान बांधायला तिनेच सुरुवात केली.

आप्पांना फोन केला. तेव्हा परदेशातून फोन म्हणजे ओरडून बोलायचं. मी ओरडलो, "आप्पा, घर कॅचमेंटमध्ये घेतोय." पलीकडून तितकंच ओरडून, "अरे, पाणलोटात कशाला घर घेतोस? पाणी शिरेल ना."

खात्यातल्या माणसाला कॅचमेंट म्हणजे पाणलोट, दुसरं काय? मी सांगितलं, पाण्याचं नाही, शाळेचं. आजूबाजूच्या घरांतली पोरं उताराने पाणी जावं तशी त्या शाळेत जातात. आप्पांनी विचार केला. "आणि पैसा?" म्हणाले. मी म्हटलं, "पैसा चढाने जातो." ते हसलेले मला अजून ऐकू येतात. "पाणी शिरणार नाही ना? मग घे."

मी हसलो त्यांच्यावर, पण चूक त्यांच्यापेक्षा माझी मोठी होती. पाणलोट हा माझ्या रोजच्या कामातला शब्द. पाणलोटाची रेषा डोंगराच्या धारेवरून जाते. पावसाचा थेंब धारेच्या इकडे पडला तर या नदीला, तिकडे पडला तर त्या नदीला. ती रेषा आज हवी तिथे, उद्या नको तिथे असं करत नाही. आदल्या वर्षी ब्लेझरच्या शाळेत कुठपर्यंतची मुलं घेतली ते मी कौन्सिलला विचारलं, नकाशावर पेन्सिलीने रेषा काढली आणि तिच्या आत घर घेतलं. माझ्या धंद्याला शोभेल असं चोख काम. फक्त मी हे विचारात घेतलं नाही, की शाळेची रेषा कोणी आखलेली नसते. जवळच्या घरापासून मुलं मोजत जायचं, जागा संपल्या की थांबायचं. जो शेवटचा, तिथे रेषा. मोजायला मुलं जास्त निघाली की रेषा आपोआप शाळेकडे सरकते.

अनुजाची हायस्कुलात जायची वेळ आली त्या वर्षी शाळेजवळ एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर घरं उभी राहिली होती. त्यांत माणसं राहायला आली होती, आणि माणसांना मुलं होती. रेषा सरकत सरकत आमच्या रस्त्यावर आली आणि पोस्टाच्या लाल पेटीपाशी थांबली. आमचं घर पेटीच्या पलीकडे, चार दारं सोडून.

अनुजाला दुसरी शाळा मिळाली. तिथे ब्लेझर नव्हता, मरून रंगाचा जम्पर, म्हणजे स्वेटर होता. पेपरातल्या यादीत ती शाळा इतकी खाली होती, की शोधायला बोट फिरवावं लागे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा सायन्स ब्लॉकच्या सपाट छपरावर पाणी साचलेलं दिसलं. गटर तुंबलेलं. टीचर माझ्याशी बोलत होती आणि मी खिडकीतून छप्पर बघत होतो. ज्या शाळेला आपलं पाणी काढता येत नाही ती माझ्या मुलीचं काय करणार, असं मनात आलं. अनुजा शेजारी उभी होती. तिने मला छप्पर बघताना बघितलं.

त्या सप्टेंबरात मंडळाचा गणपती होता. भाड्याचा हॉल, सगळीकडून आलेली मराठी माणसं. मी प्रसादाची प्लेट घेऊन उभा, अनुजा माझ्या बाजूला. नाईक आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग, अनुजा लागली ना त्या शाळेत? घर कारणी लागलं म्हणायचं."

मी काही बोललो नाही. फक्त माझी मान हलली. आपली ती मान तुम्हाला माहीत आहे. हो नाही आणि नाही पण नाही, नुसती इकडून तिकडे तरंगते, आणि समोरचा त्याला हवा तो अर्थ घेतो. नाईकांनी हो असा घेतला. ते तोच घेतील हे मला ठाऊक होतं.

परतताना मोटरवेवर मागच्या सीटवरून अनुजा म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं सांगितलं."

"मी काही बोललोच नाही."

"नाही बोलला. पण तुमचा मान हलला."

"तुमचा नाही गं, तुमची. मान ती असते. तुमची मान हलली."

"तुमची मान हलली," ती होमवर्क म्हटल्यासारखं म्हणाली.

इथे वाढलेल्या मुलांचं मराठीतलं तो, ती, ते नेहमीच घसरतं. आम्ही सगळेच आईबाप ते दुरुस्त करत असतो. त्या दिवशी मात्र मी दुरुस्तीच्या आड लपलो. घरी आल्यावर भाताचा कुकर लावताना नलिनी म्हणाली, "पोर बरोबर बोलली होती. तुम्हीच ते चूक करून दिलंत."

पुढच्या वर्षी मंडळाचा कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी होता, त्यामुळे अनुजाला शाळेतून परस्पर घेऊन गेलो. हॉलमध्ये गरम होत होतं. सगळ्यांनी कोट काढून खुर्च्यांवर टाकले होते. अनुजा कोटाचं गळ्याजवळचं बटण लावून बसली होती. आतला मरून जम्पर तसूभरही दिसत नव्हता. नाईकबाई म्हणाल्या, "कोट काढ ना गं, घाम आलाय." ती म्हणाली, "नो, आय ॲम फाइन." तोंड लालबुंद झालं होतं तिचं. ती माझी लाज झाकत होती. आणि मी तिला ती झाकू दिली.

नलिनीने मला स्वच्छ सांगितलं होतं, "मला कोणी विचारलं तर खरं सांगेन. पण चारचौघांत तुम्हाला तोंडघशी पाडायला मी जाणार नाही." तिला कोणी विचारलं नाही. आमच्यात घराचं पुरुषांना विचारतात आणि मसाल्याचं बायकांना. नव्या घरात तिची वेगळीच पंचाईत झाली होती. पहिल्याच आठवड्यात सवयीने तिने शेजारच्या भिंतीवर दोनदा टकटक केली. पलीकडचे सद्गृहस्थ घाबरून दारात आले, काही अपघात झाला आहे का म्हणून.

जम्परची शाळा काही स्वर्ग नव्हती. मारामाऱ्या व्हायच्या, टीचर अर्ध्यात सोडून जायचे. पण तिथे मिसेस हॉलोवे होत्या, बायॉलॉजीच्या. अनुजाला डॉक्टर व्हायचं आहे कळल्यावर त्यांनी तिला डिनरच्या, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या, सुट्टीत बोलवायला सुरुवात केली. एका हातात सँडविच, दुसऱ्या हाताने फळ्यावर आकृत्या. मेडिकलच्या इंटरव्ह्यूची तयारी घेताना विचारायच्या, "तुला डॉक्टर का व्हायचं आहे? तुझे बाबा सोडून दुसरं कारण सांग." अनुजा घरी येऊन हे सांगायची तेव्हा नलिनी खो खो हसायची. मी हसलो नाही, कारण ती बाई मला न भेटता ओळखत होती.

अनुजाला मेडिकलला प्रवेश मिळाला. मंडळात पेढे वाटले. नाईक म्हणाले, "त्या शाळेत करूनच घेतात हो." आणि माझी मान परत हलली. मिसेस हॉलोवेंच्या सगळ्या सुट्ट्या, सगळी सँडविचं मी ज्या शाळेत अनुजाने पाऊलही टाकलं नव्हतं तिच्या नावावर करून दिली. त्या रिटायर झाल्या तेव्हा निरोपाला अनुजाने आम्हाला बोलावलं होतं. मी कामावर आहे असं सांगितलं. पाऊस जोराचा होता, ते खपून गेलं. नलिनी एकटी गेली.

त्यानंतर माझं नाव झालं. भारतातून नवी कुटुंबं येत, हॉस्पिटलांत, आयटीत, आणि मुलं शाळेची झाली की त्यांना कोणीतरी सांगे, "जोर्वेकर काकांना विचारा, त्यांनी मुलीसाठी बरोबर जागा पकडली." लोक मला शाळाकाका म्हणायला लागले. मी त्यांना गाडीतून तो सगळा भाग दाखवायचो. कुठला रस्ता आत, कुठला काठावर. आमच्या रस्त्यावरची लाल पेटी दाखवायचो, आणि आमचं घर तिच्या पलीकडे आहे हे त्यांच्या लक्षात यायच्या आत गाडी वळवायचो.

त्यांतल्या कितीतरी मुलांचं त्या शाळेत भलं झालं, ते मी नाकारत नाही. पण एका जोडप्याने रेषेच्या आत मिळावं म्हणून इतकं लहान घर घेतलं, की दुसऱ्या मुलाचा विचारच सोडून दिला. आईवडील भारतातून आले की दोघं बैठकीत झोपायची. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. उलट दर दिवाळीला ते मला चकल्या आणून देत, आणि त्या चकल्या मला गिळवत नसत.

अनुजा हाडांची डॉक्टर झाली. तिचं लग्न झालं, आमच्यापासून चालत जाण्यासारखं घर घेतलं, पेटीच्या आमच्याच बाजूला. तिची मुलगी तारा गेल्या सप्टेंबरात हायस्कुलात गेली, मरून जम्परच्या शाळेत. अनुजाने दुसऱ्या कुठल्या शाळेचा विचारही केला नव्हता. मी म्हटलं, "निकाल बघितलेस का त्यांचे?" ती म्हणाली, "बाबा, निकाल मीच आहे ना."

हे ऐकूनही मी मंडळात काही बोललो नाही. इतक्या वर्षांनी कसं बोलायचं, हा प्रश्न होता. मग या वसंतात तेजस आणि मृण्मयी घरी आले.

हे दोघं चिंचवडचे. सॅलफर्डला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, मुलगा ईशान तीन वर्षांचा. आमच्याच रस्त्यावर, पेटीच्या अलीकडे, शाळेच्या बाजूला एक घर विकायला निघालं होतं आणि त्यांचा जीव त्यावर जडला होता. शुक्रवारची दुपार होती. तारा नुकतीच शाळेतून आमच्याकडे आली होती. शुक्रवारी अनुजाचं ऑपरेशन लवकर संपलं की ती तिला न्यायला येते, तशी तीही आली होती आणि आत आईबरोबर चहा करत होती.

ते घर मला चांगलं माहीत होतं. त्याची मागची बाजू रस्त्यापेक्षा खाली आहे. जोराचा पाऊस झाला की वरच्या सगळ्या बागांचं पाणी त्याच्या मागच्या दाराशी येऊन बसतं. त्या घराच्या बाबतीत कॅचमेंटचा आप्पांनी लावला होता तोच अर्थ खरा होता.

"सर्व्हेत थोडं डँप निघालंय," तेजस म्हणाला. "एजंट म्हणतो, पेंट केलं की ओल दिसणार नाही."

"दिसणार नाही हे खरं," मी म्हटलं.

"बजेट ताणतंय, काका. हिला परत फुल टाइम करावं लागेल. ईशान सकाळपासून संध्याकाळपर्यंत नर्सरीत. पण अनुजाताईंकडे बघितलं की वाटतं, वर्थ इट आहे."

मृण्मयी पुढे सरकून बसली. "मला फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय, काका. म्हणजे मन घट्ट होईल. अनुजाताई त्याच शाळेतल्या ना?"

अनुजा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने ऐकलं. माझ्याकडे तिने बघितलं नाही. ती ट्रे टेबलावर ठेवायला वाकली. तेवढ्यात तारा बिस्किटासाठी धावत आत आली, मरून जम्परमध्ये, केस विस्कटलेले. तिला पाहून अनुजाचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला, जिथे कोटाचं वरचं बटण असतं. अंगावर कोट नव्हता. एवढी मोठी डॉक्टर बाई, स्वतःची पोर शेजारी उभी, आणि हात अजून ते बटण शोधत होता.

माझी मान निघालीच होती. ती मी अवघडल्यासारखी जागच्या जागी धरली.

"नाही," मी म्हणालो. "अनुजा त्या शाळेत कधीच नव्हती."

मग सगळं सांगितलं. पेटी कुठे आणि आमचं घर कुठे. ताराच्या जम्परकडे बोट दाखवून म्हटलं, अनुजा या शाळेत शिकली. मिसेस हॉलोवे कोण होत्या ते सांगितलं. त्या घराच्या मागच्या दाराशी पाणी कसं बसतं तेही सांगितलं. "मी कोणाला खोटं सांगितलं नाही असं इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो," मी म्हटलं. "बोललो नव्हतोच. नुसती मान हलवत होतो."

तेजस मृण्मयीकडे बघत होता आणि मृण्मयी कार्पेटकडे. बाकरवडीची प्लेट घेऊन नलिनी आत आली. "यांची मान कितीतरी वर्षं आखडली होती," ती म्हणाली, "आज सुटली. घ्या, बाकरवडी घ्या."

तेजसने एक उचलली. मृण्मयीने चहाचा घोट घेतला, थोडा विचार केला आणि अगदी मनापासून विचारलं, "मग काका, ती जम्परवाली शाळा कुठेशी आली? तिच्या जवळ काही विकायला आहे का?"

अनुजा इतकी हसली, की तिच्या कपातला चहा बशीत आला. मग तेजस हसला, मृण्मयीही स्वतःवर हसली. तारा म्हणाली, "बट आमच्या शाळेचा रूफ अजून लीक करते." मी म्हटलं, "कुठे गं, सायन्स ब्लॉकवर?" ती म्हणाली, "हाउ डू यू नो?"

तेजस-मृण्मयीने ते घर घेतलं नाही. आणखी एक वर्ष फ्लॅटमध्ये काढायचं ठरवून ते ट्रामपासून जवळ, चढावरचं घर बघत आहेत. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. शाळा त्यांची त्यांनी जाऊन पाहिली, आत बसून, मुलांशी बोलून. मी फक्त छपराचं गटर आणि बागेचा उतार पाहिला. ही बातमी पसरली आणि आता नवी मंडळी मला त्यासाठीच फोन करतात. शाळाकाका गेला, गटारकाका आला, असं नलिनी म्हणते. चकल्यावाल्या जोडप्याकडे मी स्वतः जाऊन आलो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "काका, आमचा निर्णय आमचा होता." त्यांचा मोठेपणा. नाईक आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं. म्हणून सगळ्यांसाठी हे लिहून ठेवतो आहे.

मला कोणी विचारतं, इतकी वर्षं झाली, घर कुठलं वाटतं? संगमनेर वाटतं, लाँगसाइटही वाटतं. मॉरीन गेली त्या दिवशी नलिनीने त्या जुन्या गल्लीत जाऊन बंद दाराला हात लावला, तेव्हा ते घरच होतं. पण आता जास्त करून हेच वाटतं, रेषेच्या बाहेर चार दारं सोडून घेतलेलं. हे मी चुकून घेतलं, पण याचं पाणी नीट जातं. दुपारी साडेतीनला एक मुलगी आत येते, दप्तर जिन्यावर टाकते, जम्पर कठड्यावर टाकते, आणि तो मरून जम्पर पुढच्या खिडकीतून सगळ्या रस्त्याला दिसतो. शेजारी आता एक तरुण पोलिश बाई राहते. नलिनीने तिला भिंतीची भाषा शिकवली आहे. दोनदा टकटक झाली की चहा. आप्पा म्हणाले होते तसं, बाकीचं नंतर दुरुस्त होत गेलं. उशिरा, पण झालं.

त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. पाहुणे गेल्यावर अनुजा निघाली. बाहेर गारवा होता, तरी कोट तिने अंगात घातला नाही, हातावर टाकला. तारा पुढे पळाली. दारात थांबून अनुजा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आज तुमचा मान हलला नाही."

तिचं तो, ती, ते अजूनही अधूनमधून घसरतं. हे चुकून आलं की जाणून, मी विचारलं नाही. आणि या वेळी दुरुस्तही केलं नाही.